दोन नर्सांचा पगार

नव्वदच्या दशकात मी सुरतच्या एका सरकारी इस्पितळात कारकून होते. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे नवागामच्या खानदेशी वस्तीतून आलेल्या बाईची अहिराणी कुणाला कळेनाशी झाली की हाक यायची, “बेन, जरा आवो ने!” मीही टेबल सोडून ऐटीत जायची. फायलींपेक्षा ते बरं.

एकदा साहेबांच्या, म्हणजे आमच्या अधीक्षकांच्या, खोलीत बोलावणं आलं. इस्पितळाचे वकील बसले होते. समोर लूमवर काम करणारा एक माणूस, त्याची बायको आणि तिच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. मुलगी गोड, टेबलावरचा पेपरवेट पळवायच्या बेतात. पण फक्त उजव्या हाताने. डावा जन्मापासून लुळा. बाळंतपणात खांदा अडकला होता, आणि आईबापांनी भरपाईचा दावा लावला होता.

“विचारा तिला, नर्स आली होती ना?” वकील म्हणाले.

बाई मान वर न करता बोलली, “तीन येळा हाक मारी मी. कोनीच उनं नही. उनी तवय घाईघाईमा पोरीले वढं.”

“जरा सौम्य करून सांगा हं,” वकील माझ्या कानाशी पुटपुटले. पगार मी इस्पितळाचा खात होते. पण माझीही दोन बाळंतपणं झाली होती. तीनदा हाक मारली, कुणी आलं नाही, आली तेव्हा घाईघाईत पोरीला ओढलं, असा मी शब्दन् शब्द सांगितला.

 त्या रात्री दोन वॉर्डांना मिळून एकच नर्स होती, हे साहेबांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनीच तडजोडीचा आकडा काढला आणि सुस्कारा टाकला, “एवढ्यात वर्षभर दोन नर्स ठेवता आल्या असत्या.”

सवयीने मी तेही अहिराणीत सांगून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं!

बाईने पहिल्यांदा साहेबांकडे पाहिलं. “मंग तवयच ठेवाले जोयजे व्हत्यात.”

याचं भाषांतर कुणी मागितलं नाही. साहेब हसायला गेले आणि मध्येच थांबले.

तडजोड झाली, पैसे मिळाले. साहेबांनी गांधीनगरला जादा नर्सांसाठी पत्र लिहिलं, टाइप मीच केलं. दोन मागितल्या होत्या, बऱ्याच महिन्यांनी एक आली.

मुलगी व्यायामासाठी आमच्याकडेच यायची. तीन वर्षांची होईतो डावा हात खांद्यापर्यंत जायला लागला, त्यावर काही गेला नाही. मला पाहिलं की ती गुजरातीत गप्पा ठोकायची, आणि आई अहिराणीत दटावायची.