बाबांनी बघितलेली अमेरिकेची निवडणूक

मंडळी, सकाळचा प्रसंग अजून डोक्यातून जात नाहीये.

ताई आणि भावोजी अमेरिकेत असतात, तिकडचेच मतदार. राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा यावरून व्हिडिओ कॉलवर दोघांची जुंपली.

"तुझा उमेदवार नुसती चिखलफेक करतो," ताई म्हणाली.
"आणि तुझ्याला निर्णय कुठे घेता येतो?"

इकडे टेमघरला बाबा माझ्या शेजारी. जन्मभर लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर ड्युटी करून कान गेलेत. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात.

ताईने उमेदवारांच्या जाहीर वादविवादाचा व्हिडिओ दाखवला. इंग्रजी न येणारे बाबा टक लावून बघत राहिले.

"हे समोरच्याचं तोंड बघतच न्हाईत," ते म्हणाले. "लूमवर असं केलं तर कुणी सावध केलेलं कळत न्हाई, हात जातो." मग हळूच, "तुम्ही दोघंपण तेच करताय."

ताई-भावोजींनी तेव्हा कुठे एकमेकांकडे बघितलं.

तुम्ही भांडताना समोरच्याकडे बघता का हो?