शनिवारची बाटली

लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं की माझी पंचाईत होते. "केमिस्ट्रीत आहे" म्हणून मी विषय बदलते. पण तीच मंडळी निवांत बसली की "लॅबमध्ये नवीन काय?" म्हणून मागे लागतात, आणि सांगायला काही ना काही असतंच. बंगळुरात के. आर. पुरमला आमची छोटी लॅब आहे. लोकांच्या लघवीत आर्सेनिक किती आहे, ते आम्ही मोजतो. या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, पण बाटलीभर लघवी सगळं सांगून टाकते. आठ वर्षं हेच करतेय, तरी मला अजून याचं नवल वाटतं.

लॅबमध्ये मुख्य आम्ही दोघी. मशीन मी चालवते. मी नागपूरची, तोंडाची फटकळ. बाटल्या घेणं, फॉर्म भरून घेणं सरोजाअक्कांकडे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठीत मधूनच कन्नड येतं. अक्कांची एक सवय आहे. बाटली घेण्याआधी त्या माणसाचा तळवा बघतात. आर्सेनिक बरीच वर्षं पोटात गेलं की तळव्यांवर बारीक टणक गाठी येतात. लोकांना वाटतं, या भविष्य सांगतायत.

*

मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक असल्याची अफवा पसरली आणि आमच्याकडे रांग लागली. त्यात पुण्याचं एक जोडपं होतं, दोघंही आयटीत. बायकोचा रिपोर्ट स्वच्छ. नवऱ्याचा आकडा बघून मी मशीनच पुन्हा तपासलं.

घर एक, पाणी एक. मग असं कसं? नवरा पांढराफटक पडला. मी दोन दिवस डोकं खाजवत होते. माशांमधलं आर्सेनिक वेगळ्या प्रकारचं असतं, अपाय न करता तसंच बाहेर पडतं, पण आकडा फुगवून जातं. म्हणून फॉर्मवर मासे खाल्ले का हे विचारलेलं असतं. याच्या फॉर्मवर ठळक "नाही" होतं.

अक्कांनी बायकोला म्हटलं, "स्वल्प, जरा खाली जाऊन झेरॉक्स आण गं." ती गेल्यावर त्याला म्हणाल्या, "आता सांग, काय खाल्लंस?"

"सुरमई," तो खाली बघत म्हणाला. "ऑफिसच्या मित्रांबरोबर. पण अक्का, घरी श्रावण आहे, हिला नका सांगू."

आठवडाभर मासे बंद करून पुन्हा तपासलं. रिपोर्ट स्वच्छ आला. बायकोला अजून वाटतं, मशीन बिघडलं होतं.

*

मशीनवरून आठवलं. इथे आयुधपूजेला प्रत्येक यंत्राची पूजा होते, रिक्षापासून लेथपर्यंत. माझ्या पहिल्या वर्षी अक्कांनी आमच्या मशीनला भक्तिभावाने कुंकू लावलं, नळीच्या तोंडापाशीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी नुसतं शुद्ध पाणी घातलं, तर त्यात कुंकवातलं शिसं निघालं. बाप्पा, किती घासलं मी ते! सगळं आटोपल्यावर अक्का मशीनकडे बघत म्हणाल्या, "एवढंसं कुंकूपण समजतं याला?" तेव्हापासून त्या कुंकू भिंतीला लावतात आणि मशीनला लांबून हात जोडतात.

*

होसकोटेजवळच्या एका कारखान्यात लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते औषधाच्या टाकीत मुरवतात. त्या औषधात आर्सेनिक असतं. कामगारांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची, तीही आमच्याकडेच. दोन वर्षं सगळे नॉर्मल आले. सही माझी.

तिसऱ्या वर्षी कारखान्यातल्या तपासणीच्या कॅम्पमध्ये नारायणप्पा अक्कांच्या टेबलापाशी आला. पन्नाशीचा माणूस, सतरा वर्षं टाकीवर. अक्कांनी त्याचा तळवा बघितला आणि मला हाक मारली. दोन्ही हातांवर गाठी होत्या. कारखान्याचा डॉक्टर म्हणायचा, कष्टाचे घट्टे आहेत, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. टाकीवरून दुसरीकडे घ्या म्हणून नारायणप्पा विनवत होता, आणि दरवेळी त्याच्यापुढे माझी सही ठेवत होते.

अक्का मात्र अजून हाताकडेच बघत होत्या. "अण्णा, नखं इतकी स्वच्छ कशी?"

"रजा होती ना, अक्का. आयुधपूजा झाली की यंत्रं बंद, आम्ही गावाला. दहा दिवसांनी काल आलो. काम उद्यापासून."

 लघवीतलं आर्सेनिक थोड्या दिवसांत ओसरतं. सगळे कामातून मोकळे सापडतात म्हणून कारखाना दरवर्षी याच दिवशी कॅम्प ठेवायचा, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं आम्ही त्यांची सुट्टी मोजत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

*

मॅनेजरला मी म्हटलं, सहा दिवस काम झाल्यावर, शनिवारी शिफ्ट सुटल्यावर बाटली घ्या. तो म्हणाला, "मॅडम, प्रॉडक्शनचं काय?" मग मी भांडले. नागपूरचं सगळं शिक्षण वापरलं.

नारायणप्पा मॅनेजरच्या होकाराची वाट बघत बसला नाही. अक्कांच्या सांगण्यावरून त्याने आठवडाभर मासे सोडले आणि शनिवारी ड्यूटी संपल्यावर बस पकडून थेट लॅबमध्ये आला. हात धुवून त्याने बाटली भरून दिली. सोमवारी मशीनवर आकडा उमटला, मर्यादेच्या कितीतरी पट. माणसाची सतरा वर्षं त्या चमचाभर पाण्यात होती असंच वाटलं मला.

मॅनेजर म्हणाला, "मासे खाल्ले असतील." मी आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून दाखवणारा रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. माशांचं जवळजवळ नव्हतंच.  महिना संपला की नारायणप्पाला टाकीवरून गेटवर घ्यायचं ठरलं.

*

मी नारायणप्पाला बोलावून सगळं समजावलं. हात, फुप्फुसं, मूत्राशय, कशाकशावर आता कायम लक्ष ठेवावं लागेल तेही सांगितलं. त्याने स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच विचारलं, "हे आत जातं कसं?"

"हाताला लागतं, कपड्यांना लागतं. तिथून तोंडात," अक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं.

 "सरी, ठीक आहे," म्हणून तो उठला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो पुन्हा हजर. मागे एक बारीकशी बाई, पदर हाताभोवती गुंडाळलेला.

"अण्णा, तुमचं झालं की," अक्का म्हणाल्या.

"माझं झालं. हिचं करा," तो म्हणाला. "माझे कामाचे कपडे हीच धुते. हातानं."

अक्का माझ्याकडे न बघता उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या हाताभोवतीचा पदर हळूच सोडवला.