शिवणमावशींची खुशाली

शिवणमावशी खुशाली मागत. अगदी तोंडावर, हात पुढे करून, समोर आणखी चार बायका बसलेल्या असल्या तरी. "बसला ना गो ब्लाऊज नीट? मग माझी खुशाली?" असं विचारताना त्यांच्या आवाजात संकोच नसे आणि आर्जवही नसे. नवऱ्याच्या बदलीमुळे नव्याने रत्नागिरीत आलेल्या बायका हे ऐकून दचकत, इकडेतिकडे बघत. आम्ही जुनी गिऱ्हाइकं मात्र घरून निघतानाच पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, शिलाईवर खुशीने द्यायची एक नोट वेगळी काढून ठेवत असू.

गाडीतळाच्या वरच्या अंगाला एका चिरेबंदी घराच्या ओटीला लागून एक खोली होती, ते त्यांचं दुकान. पाटी नव्हती. उंच, काटक अंगकाठी, गळ्यात टेप, आणि पदराच्या काठाला टोचलेली टाचण्यांची रांग. नवरा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. तो वारला तेव्हाही दिवस झाल्यावर मावशी लगेच मशीनवर बसल्या. एकुलती एक मुलगी आंजर्ल्याला दिली होती. बाकी मग त्या, त्यांचं मशीन आणि आम्ही बायका.

या खुशालीचा एक नियम होता. ब्लाऊज न्यायला गेल्यावर ठरलेली शिलाई द्यायची, वर काही नाही. कुणी द्यायला लागलंच तर मावशी हात मागे घेत. "आता नको. आधी घाल. चारचौघींत मिरव. काखेत काचतोय काय, पाठीला फुगतोय काय बघ. मग ये." मग आपण समारंभ आटोपून सवडीने जायचं, दारातल्या बाकावर बसायचं आणि कोण काय म्हणालं ते सगळं सांगायचं. मावशी मशीन थांबवून ऐकत. नणंदेने गळ्याची तारीफ केली हे सांगितलं की त्यांचा चेहरा फुलायचा. कुठे काही चुकलं असेल तर शिवण उसवून पुन्हा घालून देत, आणि त्या ब्लाऊजची खुशाली स्वतःहूनच सोडत.

माझ्या बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं. ते सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. वरच्या पैशाचा त्यांना मनापासून तिटकारा. एकदा आईला आणायला स्कूटरवरून आले आणि दारातूनच म्हणाले, "मावशी, तुमचं काम चांगलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरळ दर वाढवा ना. हे मागून घेणं शोभत नाही तुम्हाला."

मावशींनी दातात धरलेला दोरा तोडला. "भाऊ, दर वाढवला तर वाईट शिवलं तरी तो मला मिळणार. मग माझं मला कळणार कसं, की चांगलं शिवलं ते?"

"लोक सांगतीलच की तोंडाने."

"तोंडानं सगळ्याच बायका छान म्हणतात. पदरचं काढून देताना खोटं कोण बोलत नाय."

बाबांनी स्कूटर सुरू केली. घरी जेवताना एकदम म्हणाले, "बाई बोलायला हुशार आहे." मत त्यांनी बदललं नाही, पण पुन्हा वाद घालायलाही गेले नाहीत.

मावशींच्या लेखी खुशाली म्हणजे नोटच असली पाहिजे असं नव्हतं. मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या जैनबभाभी मुलींचे ड्रेस त्यांच्याकडेच शिवायला टाकत. ईद झाली की त्या ताजे बांगडे घेऊन येत. एकदा नेमका सोमवार होता. मावशींनी ते बांगडे शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायला लावले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून निवांत जेवल्या. कुणी अबोलीचा गजरा आणे, कुणी आमसुलं. एका नव्या सुनेने काहीच आणलं नाही, नुसता मोबाइलवर स्वतःचा फोटो दाखवला. मावशींनी तो बोटांनी मोठा करकरून बाहीची शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "पोचली खुशाली."

मात्र एका बागायतदारीणबाईंची मोठी नोट त्यांनी परत केली, ते मी स्वतः पाहिलं आहे. मे महिना होता. आंबा आणि लग्नं यांचा हंगाम आमच्याकडे एकदमच येतो. दुकानात कापडांचे गठ्ठे लागले होते. बाईंनी नोट मशीनवर ठेवली. "मावशी, ही तुमची खुशाली आधीच घ्या. माझे तेवढे परवापर्यंत द्या."

मावशींनी नोट उचलून त्यांच्या हातात दिली. "ही खुशाली नाय गो. ही घाई आहे. घाईचे पैसे मी घेत नाय. नंबरानं ये."

बाई रागावून गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, नंबराने बसल्या आणि घालून झाल्यावर खुशालीही देऊन गेल्या. कारण त्यांच्या रुंद खांद्यांना बसेल असा ब्लाऊज गावात दुसरं कुणी शिवत नव्हतं.

मधे हातखंब्याजवळ हायवेला कापडाचं मोठं दालन निघालं. तिथल्या मालकांनी मावशींना पगारावर बोलावलं. वातानुकूलित खोली, विजेचं मशीन, महिन्याचा महिन्याला पगार. मावशी गेल्या. तिथे भिंतीवर पाटी होती, कारागिरांना कृपया वेगळे पैसे देऊ नयेत. आम्हाला वाटलं, आता काही त्या परत येत नाहीत. पण गणपतीच्या आधीच गाडीतळावरची खोली पुन्हा उघडली. मी विचारलं, "काय झालं मावशी? पगार कमी पडला?"

"पगार मोप होता. माणसंही चांगली. पण तिथं शिवलेलं बाहेर जातं ते जातंच. घालून दाखवायला कोण परत येत नाय. कुणाच्या अंगावर काय बसलं, काय कळेना मला."

माझं लग्न ठरलं त्याच्या आदल्या वर्षी आईचं छातीचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी आता घाबरायचं कारण नाही म्हणून सांगितलं. पण आई घराबाहेर पडेना. जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू जाईल असा आवाज. ती आता दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेऊन बसायची आणि बेल वाजली की आत जायची. मुंबईहून मागवलेला तयार पॅड आमच्या दमट हवेत तिला सोसेना. अंगावर पुरळ उठलं, तेव्हापासून तो कपाटात पडून होता.

लग्नाची बोलणी पक्की झाल्यावर तिने शांतपणे बाबांना सांगितलं, "कन्यादान भाऊजी आणि जाऊबाई करतील. मी आतल्या खोलीत बसेन. तिथून ऐकू येतं सगळं."

बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मात्र दुसऱ्याच दिवशी, माझे ब्लाऊज टाकायचे आहेत, रंग बघायला तूच चल, असं म्हणून आईला मावशींकडे घेऊन गेले.

माझी मापं झाली. मावशी आईकडे वळल्या. "आणि तुझं गो?"

"मला जुना चालेल."

"लेकीच्या लग्नात जुना? ऊठ, माप दे."

आईने पदर आणखी ओढून घेतला. अगदी हळू म्हणाली, "मावशी, माझं आता पूर्वीसारखं माप राहिलं नाही."

मावशी बाकावर थांबलेल्या दोघी गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "बायांनो, जरा चहा पिऊन या." त्या गेल्यावर दार लावलं, दिवा लावला.

"कुठली बाजू?"

"डावी."

"बघू."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे टेपची सुरसुर आणि मावशींचं आकडे पुटपुटणं ऐकू येत होतं. हाय नाही, अरेरे नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काम अवघड आहे. पण होईल."

आईने विचारलं, "यापूर्वी शिवलंय तुम्ही असं कुणाचं?"

"नाय. तुझ्यावरच शिकत्ये."

आणि आई हसली. कित्येक महिन्यांनी मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं.

मावशींनी ब्लाऊजला आतून मऊ सुती कापडाचा खिसा लावला आणि त्यात सावरीच्या कापसाची उशी बसवली. दिसायला झकास झालं. मग त्या म्हणाल्या, "आता लेकीला हार घाल बघू." आईने हात वर केले, तशी उशी सरकून वर आली. आईचा चेहरा पडला. मावशींचा नाही. "हलकं झालं. वजन पायजे," एवढंच म्हणून त्यांनी सगळं उसवायला घेतलं.

वजन सापडलं ते जैनबभाभींकडे. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या बारक्या गोळ्या भाभींनी पुडीत बांधून आणून दिल्या. मावशींनी त्या एका छोट्या पिशवीत शिवून उशीच्या आत, मधोमध बसवल्या. पुन्हा हार घालून झाला. मग वाकून नमस्कार. मग ताट हातात घेऊन फेऱ्या. उशी जागची हलली नाही. शेवटी मावशींनी भिंतीवरचा आरसा खिळ्यावरून काढला आणि आईसमोर धरला. आईने दोन्ही बाजूंनी वळून पाहिलं. मग खांद्यावरून ओढून घेतलेला पदर तिने नेहमीसारखा पाठीवर सोडला.

त्या दिवशी आम्हाला न्यायला आलेल्या बाबांनी खिशातून जाडसर पाकीट काढलं. खुशालीला नाक मुरडणारे बाबा! मावशींनी ते घेतलं नाही. "भाऊ, अजून घातलाय कुठं तिनं?"

लग्न भाट्याला होतं, समुद्राच्या बाजूच्या कार्यालयात. कन्यादान माझ्या आईनेच केलं. खारं वारं सुटलं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षतांचं ताट दोन्ही हातांत धरून ती सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि वाऱ्याने तिचा पदर उडत होता. तिने तो सावरला नाही. मला अंतरपाटाच्या कडेने एवढंच दिसलं, की सगळे नवरानवरीकडे बघत असताना बाबा आईकडे बघत होते.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आम्ही दोघी मावशींकडे लाडू घेऊन गेलो. आई वाटेत म्हणाली, "पैसे काढून ठेवले होते मी. पण त्या माझ्याकडून घ्यायच्या नाहीत. मायेनं केलंय त्यांनी. उगाच दुखावतील." मलाही तसंच वाटत होतं.

मावशींनी लग्नाची सगळी हकीकत ऐकली. विहीणबाई काय म्हणाल्या, हार घालताना काय झालं, बारीकसारीक विचारून घेतलं. एक लाडू खाल्ला, हात पुसला आणि तो पुढे केला.

"मग? माझी खुशाली?"

आई गडबडली. "मला वाटलं, माझ्याकडून घेणार नाही तुम्ही."

"का गो? तुझा ब्लाऊज काय कमी कामाचा होता? सगळा उसवून पुन्हा शिवलाय मी."

"तसं नाही, पण..."

"हे बघ बाय. सगळ्यांकडून घेत्ये आणि एकट्या तुला सोडली, तर ती कीव झाली. तुला चालेल काय, मी तुझी कीव केलेली?"

आई ताठ बसली. "नाही चालणार."

"मग काढ."

आईने पर्समधून नोट काढून दिली. मावशींनी ती नोट डोळ्यांना लावली, जशी त्या सगळ्यांचीच लावत, आणि टाचण्यांच्या डब्यात टाकली. परतताना आई माझ्यापुढे चार पावलं चालत होती. वाटेत भेटलेल्या शाळेतल्या जुन्या शिपायाला तिने स्वतःहून हाक मारली.

त्यानंतर मावशींनी असे आणखी काही ब्लाऊज शिवले. कुणाचे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे त्यांचा हात कापायला लागला. एका सकाळी बाही तिरकी आली, तेव्हा त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, "आता माझ्याच्यानं खुशालीजोगं होत नाय. दुसरीकडे टाका." रडारड नाही की खंत नाही. मुलीकडे आंजर्ल्याला राहायला गेल्या. आम्ही एकदा भेटून आलो. ओटीवर बसून नातसुनेच्या ड्रेसला नावं ठेवत होत्या, मजेत होत्या. पावसाळ्यानंतर मुलीचा फोन आला, झोपेतच गेल्या म्हणून. आईने फोन ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

यंदा आईला नवा ब्लाऊज हवा होता. राम आळीत एका तरुण मुलीने दुकान काढलंय, तिथे गेलो. दुकानात तीनचार अनोळखी बायका थांबल्या होत्या. आईने कापड टेबलावर ठेवलं आणि वर्गात बोलावं तशा आवाजात सांगितलं, "माझी डावी बाजू ऑपरेशनमध्ये काढली आहे. आतून खिसा लावावा लागेल. कसा, ते मी समजावून देते."

मुलगी बावरली. पडद्याकडे हात करत कुजबुजली, "काकू, आत येता का?"

"माप द्यायला येते की. पण आधी हे नीट लिहून घे."

मग कोपऱ्यातली एक बाई, साधारण माझ्याच वयाची, हातातली पिशवी छातीशी धरून पुढे आली. "काकू," ती म्हणाली, "तो खिसा कसा लावायचा, ते मलाही सांगाल?"

आईने आपली पर्स माझ्याकडे दिली आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.