निरोप कोणी दिला?

अख्ख्या कोल्हापुरात ‘बरोबर हाय’ हे दोन शब्द ज्यांनी जन्मात कधी उच्चारले नाहीत असे एकच गृहस्थ आहेत, आणि माझ्या नशिबानं ते माझे घरमालक आहेत. गणिताचे निवृत्त मास्तर. म्हणजे ज्या विषयात वादाला जागाच नाही, तो शिकवण्यात बिचाऱ्यांची उभी हयात फुकट गेली. धर्मानं ज्यू, पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवणारे, जीभ मात्र पक्की कोल्हापुरी. राहतात शनिवार पेठेत आणि शनिवारी काडी इकडची तिकडे करत नाहीत. त्या दिवशी बटण दाबायचं नाही, दुसऱ्याला दाब म्हणायचं नाही, हे त्यांच्या धर्माचं शास्त्र. मग भर मे महिन्यात जिन्याखाली उभं राहून आकाशाला सांगतात, “काय उकडतंय ओ आज!” मी खाली जाऊन पंखा लावावा, तर वर आणि विचारणार, “मी सांगितलं का तुमाला?”

घर देताना ‘पाहुणे मुक्कामाला नकोत’ अशी त्यांची अट होती. माझी आई आली, तेव्हा आई पाहुणी की घरची, यावर त्यांनी दारातच स्वतःशी दोन्ही बाजूंनी वाद घातला. अट त्यांचीच आणि अर्थ त्यांनाच लागेना. आई उन्हात उभी. शेवटी निकाल लागला, “आई घरची. बॅग मातर पावणी!” बॅग आठवडाभर जिन्यात मुक्कामाला होती.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या ग्रंथांत आहे. पानाच्या मध्ये तळहाताएवढा मूळ मजकूर आणि चारी बाजूंना शेकडो वर्षांचे पंडित बारीक अक्षरांत एकमेकांना खोडून काढतायत. “आमच्यात एकट्यानं वाचणं म्हंजे वाचणं न्हवं. समोर भांडणारा पायजे,” असं सर म्हणतात. या पदावर दर रविवारी उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी रुजू होत. सरांपुढे हिब्रू, गुरुजींपुढे अरबी आणि भांडण कोल्हापुरीत. विषय वर्षानुवर्षं एकच. इब्राहिमनं देवाला अर्पण करायला नेला तो मुलगा थोरला इस्माईल की धाकटा इसहाक? सर म्हणणार, “आमच्यात धाकट्याचं नावच लिवलंय की!” गुरुजी म्हणणार, “तुमच्यातच ‘एकुलता’ म्हटलंय. धाकटा एकुलता कसा असंल ओ?” असा दणका बसला की सर खूश होऊन स्वतः चहा टाकत.

सर्वधर्म सद्भाव सभांना सरांना मागणी असे, कारण व्यासपीठावर एखादा ज्यू असला की सद्भाव कसा पूर्ण भरतो. एकदा तिन्ही वक्त्यांनी ‘सर्व धर्मांची शिकवण एकच’ असं सांगून टाळ्या घेतल्या. सर माइकवर गेले. “एकच असंल तर एकालाच बोलवायचं की. तीन नारळ वाचलं असतं.” पुढच्या वर्षी त्यांना श्रोत्यांतही बोलावलं नाही.

मग तिकडे ज्यूंच्या देशात लढाई पेटली. गल्लीतला जो तो विचारू लागला, “सर, तुमचं सरकार आता काय करणार?” “माझं सरकार? मला हितला नगरसेवक वळखत न्हाय!” इथवर ठीक होतं. पण त्या रविवारी गुरुजी ग्रंथ न घेता आले. “पोरं मराय लागल्यात तिकडं, सर. तुमी कायच बोलंना झालाय.” जन्मभर प्रत्येक वाक्याला दुसरी बाजू शोधणारे सर सवयीनं बोलून गेले, “पोरं दोन्हीकडची मेल्यात.” वाक्य खरं होतं. पण समोर डोळे भरलेला मित्र बसला होता. गुरुजी उठून गेले ते पुन्हा आले नाहीत.

बदली भांडखोर म्हणून मी बसून पाहिलं. पहिल्याच ओळीला “बरोबर आहे, सर” म्हणालो आणि सरांनी ग्रंथ मिटला. पुढे त्यांना एकाच ओळीनं पछाडलं. इब्राहिम मेला तेव्हा त्याला दोन्ही मुलांनी मिळून पुरलं, अशी ती ओळ. “थोरला घरातनं घालवलेला. बोलणं न्हाय, जाणंयेणं न्हाय. तरी बापाच्या मातीला दोघंबी हजर. निरोप कुणी दिला ओ?”

“लिहिलं असेल की पुढे.”

“न्हाय लिवलेलं.” हे सांगताना त्यांचा आवाज इतका पडला होता, की मला त्यांची दया आली.

गुरुजींचे थोरले भाऊ कळंब्याला वारले, हे मला चहाच्या गाडीवर कळलं आणि जिना चढता चढता मी ते सरांच्या कानावर घातलं. नेमका शनिवार. सर त्या दिवशी वाहनात बसत नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि चालायला लागले. मी स्कूटर घेऊन मागोमाग, “सर, बसा की!” म्हणत कळंब्यापर्यंत. पोचले तेव्हा सगळे माती देत होते. शनिवारी काडी न हलवणारे सर वाकले, त्यांनी मूठभर माती उचलली आणि कबरीवर टाकली. यावर शास्त्र काय म्हणतं, हे विचारायची माझी छाती अजून झालेली नाही.

गुरुजी जवळ आले. “सर, तुमाला निरोप कुणी दिला?”

“लिवलेलं न्हाय,” सर म्हणाले. गुरुजींनी त्यांचा मातीचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

आता रविवारी खाली पुन्हा आरडाओरडा असतो. आवाज दोघांचेही थकलेत. थोरला की धाकटा हे ठरलेलं नाही आणि लढाईवर तर मुळीच पटत नाही, पण गुरुजींचं बोलणं संपेपर्यंत सर हल्ली गप्प राहतात. मी वर पडल्या पडल्या ऐकतो. वाटतं, इब्राहिमच्या मातीचा निरोपही कुणा भाडेकरूनंच दिला असणार. नाहीतर लिहायचं राहिलं नसतं.