आवडीच्या मेसमधली काचपेटी

अकरा संसारी माणसं बायकामुलांना गावी ठेवून चार वर्षं एका छपराखाली राहिली, की त्यांच्यापाशी दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. आमच्या मेसमधले किस्से मी आजवर जिथं बसलो तिथं सांगत आलो आहे. बायकोला ते पाठ आहेत. "आता मासे निघणार," असं ती पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते आणि चहा टाकायला उठते. तेव्हा मंडळी, चहा होईपर्यंत ऐका.

साठ सालानंतरची गोष्ट. खडकीहून आमची एक तुकडीच्या तुकडी मद्रासला बदलून आली. मद्रास नुसतं म्हणायला. आमचा मुक्काम आवडीला, शहरापासून लोकलनं तासाभराच्या अंतरावर. कारखाना नवा, क्वार्टर्स बांधून व्हायच्या होत्या. "बिऱ्हाडं मागाहून आणा," असं साहेबांनी सांगितलं. हे 'मागाहून' किती लांब असतं ते मात्र सांगितलं नाही. क्वार्टरसाठी यादी होती, यादीत नंबर होते, आणि सकाळी एकमेकांची तोंडं दिसली की तब्येतीच्या आधी नंबर विचारायची आमच्यात पद्धत पडली होती.

* * *

केळकर आमच्यातला ड्राफ्ट्समन. पेन्सिलीला टोक काढणं आणि दर रविवारी सातारला पत्र लिहिणं, एवढीच दोन कामं तो मन लावून करायचा. तो एकदा रजेवर जाऊन आला तेव्हा त्याची कुंदा दोन वर्षांची होती. नंतर चीनची लढाई आली आणि कारखान्यात रजाच बंद झाल्या. पत्रात कुंदासाठी वेगळा कागद असायचा. वहिनी तो तिला वाचून दाखवायच्या आणि प्रामाणिकपणे कळवायच्या, की अर्ध्यातच ती खेळायला पळाली. ते वाचून केळकर दिवसभर पेन्सिलींना टोकं काढत बसायचा.

एका रविवारी आम्ही दोघं मूर मार्केटात छत्री घ्यायला गेलो. तिथं एका दुकानात काचेच्या बरणीत लाल शेपटीचा मासा होता. केळकरनं छत्री सोडली आणि उभ्या उभ्या त्या माशाचं चित्र काढलं. ते चित्र पत्रातून गेलं, आणि पहिल्यांदाच कुंदाचा जबाब आला. वहिनींनी लिहिलं होतं: "कुंदा विचारते, मासा झोपताना डोळे मिटतो का?"

केळकरनं जेवताना ते वाक्य सगळ्यांना तीनदा वाचून दाखवलं. उत्तर कुणालाच येईना. शेवटी त्यानं आमच्या स्वयंपाक्याला, मणी अय्यरला विचारलं. मणीनं हात जोडले आणि सांगितलं, की सार, म्हणजे साहेब, जन्मात मी माशाकडे मान वर करून पाहिलेलं नाही.

तेव्हा आपणच पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही म्हणून केळकरनं काचपेटी बनवायला घेतली. लोखंडी चौकट, चार बाजूंना काच, कडांना लांबीचं लिंपण. कुंदाला कळवूनही टाकलं, की तू येशील तेव्हा मासे तयार असतील. त्या दिवसापासून केळकरचा सगळा जीव त्या पेटीत अडकला.

* * *

पेटीत पाणी भरलं आणि लगेच मासे आणायला निघालेल्या केळकरला रामोजीरावांनी अडवलं. रामोजीराव आमच्या सेक्शनचे हेडक्लार्क, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या शहरातल्या, तिरुवल्लिक्केणीच्या घरी वीस वर्षांपासून मासे होते. त्यांचं मराठी आमच्या पणजोबांच्या वेळचं, वर तमिळचा तडका.

"केळकरराव, पाणी अजून कच्चें आहे," ते म्हणाले. "कोंजम थांबा."

कोंजम म्हणजे थोडं. रामोजीरावांचं थोडं तीन-चार आठवड्यांचं असायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पेटीच्या तळातली मूठभर रेती टिफिनच्या डब्यात घालून आणली. तिला असा वास होता, की लोकलमध्ये त्यांना बसायला ऐसपैस जागा मिळाली म्हणे. ती रेती पेटीत पसरून ते म्हणाले, "ह्या घाणींतच मासोळीचा जीव आहे. ही नव्या घरीं रुळूं द्या. रोज चिमूटभर भात घाला."

"मासे नसताना?"

"पाण्यास घाला. पाण्यास खायची सवय पाहिजे, मग मासोळ्या."

झालं. रोज ड्यूटीवरून आलं की केळकर रिकाम्या पेटीत चार शितं टाकायचा आणि आम्ही दहाजण बाकांवर बसून बघायचो. पाणी गढूळलं, मग हिरवट झालं, मग हळूहळू निवळायला लागलं. एका संध्याकाळी गस्तीचा हवालदार दारात थबकला. त्यानं पेटीत वाकून पाहिलं. आत काही नाही. त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि काय बघताय म्हणून विचारलं. आमच्यातल्या पाटणकरनं शांतपणे सांगितलं, की पाणी जेवतंय.

हवालदार आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं अकरा जणांना पुरेल इतकी देवळातली विभूती आणून दिली.

* * *

पाणी तयार झालं तरी रामोजीरावांनी दोनच मासे सोडू दिले. गावातल्या विहिरीत मलेरियावाल्यांनी सोडलेले बारके गप्पी होते, त्यातले दोन. पंधरा दिवस ते जगले, की आणखी दोन. आम्ही माणसं अकरा आणि प्रत्येकाला आपला मासा हवा! चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचा मासा पेटीत जाई, तो त्याला घरच्या माणसाचं नाव ठेवी. पाटणकरनं सरळ बायकोचंच ठेवलं, सरस्वती. चेष्टा करायला आम्हांला कोण विषय मिळाला. पण खरं सांगायचं तर आम्ही सगळेच कामावर जाताना पेटीपाशी थांबून आपापल्या माणसाला एकदा बघून जायचो. माझ्या बंडूची शेपूट जरा फाटकी होती, तिचीसुद्धा काळजी वाटायची.

* * *

आणि मग इन्स्पेक्शन आलं.

कारखान्यातल्या माणसाला इन्स्पेक्शन म्हटलं की हातात ब्रश घ्यावासा वाटतो. आमचा पाटणकर तर पेंट शॉपचाच. मोठे साहेब मेसही पाहणार, असं कळल्यावर त्यानं आदल्या दिवशी रस्त्याकडेचे दगड चुन्यानं रंगवले, झाडांच्या बुंध्यांना पट्टे ओढले. मग त्याची नजर काचपेटीकडे गेली. काचेवर शेवाळ, तळाला रामोजीरावांची काळी रेती, कोपऱ्यात चार कळकट दगड. केळकर इन्स्पेक्शनचे नकाशे पुरे करायला रात्रभर कामावर होता. पाटणकरनं मासे बादलीत काढले, रेती सोड्यानं चोळून धुतली, काच लख्ख पुसली, दगडांना चुन्याचे दोन हात दिले आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. सगळं अगदी प्रेमानं.

सकाळी साहेब आले. पेटीपुढे उभे राहून म्हणाले, की इतकं स्वच्छ पाणी मी कुठं पाहिलं नाही. माशांनीही पाहिलं नव्हतं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत एकूण एक मासा उताणा झाला होता.

केळकरनं पाटणकरला बोल लावायची गरजच नव्हती. पाटणकर त्या पेटीपुढे डोक्याला हात लावून बसला होता, कारण उताण्या माशांत सरस्वती होती. थोड्या वेळानं तो उठला, पोस्टात गेला आणि बायकोच्या तब्येतीची चौकशी करणारी तार करून आला.

संध्याकाळी उलट तार आली. मी ठीक आहे, तुम्हांला काय झालं?

त्यानंतर माशांना घरच्यांची नावं ठेवायची नाहीत, असं ठरलं.

* * *

पुन्हा रामोजीरावांचा टिफिन आला, पुन्हा पाण्याला भात. ह्या वेळी केळकरनं घाई केली नाही, पण आतून तो कासावीस होता. कारण यादीत त्याचा नंबर दुसरा आला होता. पाणी तयार व्हायच्या आत कुंदा आली तर? रिकामी पेटी दाखवायची? सबंध महिना तो देवाजवळ क्वार्टर मागत होता आणि त्याच वेळी ती थोडी उशिरा दे म्हणूनही मागत होता. देवानं दुसरं ऐकलं. क्वार्टर्सचा पहिला ब्लॉक दुसऱ्याच ऑफिसला गेला आणि यादी आहे तिथंच थांबली. पाणी निवळलं, मासे रुळले, आणि कुंदा काही आली नाही. त्या दिवसांत केळकरकडे बघवत नसे.

मासे पत्रातून सातारला जात राहिले. नवा मासा आला, की केळकर त्याचं चित्र काढी, रंग लिही, खोडी लिही, आणि कुंदा तिकडून नाव पाठवी. टिकली, काळू, शेपटाबाई. पेटीत लावलेल्या पाणझुडपामागून कधी बाहेर न येणारी एक होती, ती लाजरी. आता वहिनी लिहायच्या, की रविवारचं पत्र गुरुवारपर्यंत आलं नाही तर कुंदा जेवत नाही. ते वाचून मात्र आमच्यातल्या दोघातिघांनी आपापल्या घरी माशांबद्दल लिहून पाहिलं. माझ्या बंडूनं उलट कळवलं, की आई म्हणते, मासे पुरे, पैसे पाठवा.

* * *

मध्येच पुन्हा पाणी दुधाळ झालं आणि वास मारायला लागलं. केळकर चिमूटभर घालायचा. मग इतकं खाणं तळाशी कुजतंय कसं? चौकशी झाली, तेव्हा कळलं, की केळकर सकाळी घालतो, मी त्याच्या मागून घालतो, पाटणकर प्रायश्चित्त म्हणून तीनदा घालतो, आणि उरलेले सगळे कुणी नाही असं पाहून घालतात. एवढंच नाही, तर ज्यानं जन्मात माशाकडे पाहिलं नव्हतं तो मणी अय्यरही दुपारी दार लोटून इडलीचा चुरा टाकत होता. ते कसं चालेल, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, की घरात अकरा माणसं जेवतात आणि हे उपाशी बघत राहतात, मला घास उतरत नाही.

तेव्हापासून खाणं फक्त केळकरनं घालायचं, असा नियम झाला. सव्वा वर्ष तो नियम कुणी मोडला नाही. केळकरनं तोही पत्रात लिहून टाकला.

* * *

उन्हाळ्यात नळ आटले. कत्तरी म्हणजे तिकडचं वैशाखातलं ऊन; पेटीला हात लावला तर कोमट लागायची. रामोजीरावांनी रोज दोन तांबे जुनं पाणी काढून दोन तांबे शिळवलेलं घालायला सांगितलं होतं. मग अकराही जणांनी आंघोळीच्या बादलीतून तांब्या-तांब्या बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवस आम्ही अर्ध्या आंघोळीवर काढले. सेक्शनमध्ये लोक आमच्यापासून लांब बसायला लागले, पण टिकलीला मात्र पिल्लं झाली.

* * *

शेवटी केळकरचं क्वार्टर लागलं. वहिनी आणि कुंदा मुंबई-मद्रास मेलनं रविवारी सकाळी यायच्या होत्या. केळकर पहाटेच्या पहिल्या लोकलनं मद्रास सेंट्रलला गेला. जाताना इस्त्रीचा शर्ट सारखा करत त्यानं माझ्या हातात खाण्याचा डबा दिला. म्हणाला, "आजच्या दिवस तू घाल. चिमूटभरच."

मी आठच्या सुमाराला पेटीपाशी गेलो. चिमूट टाकली. एकही मासा पुढे आला नाही. सगळे झुडपामागे दडून बसले. मी डबा घेऊन तिथंच बसलो, तोच दारात घोड्याचा जटका थांबला. त्यातून वहिनी उतरल्या, ट्रंक उतरली आणि एक मुलगी उतरली. मेल आवडीला थांबत नाही, शहरात जाऊन उलट कशाला येता, अलीकडे अर्कोणमला उतरून पॅसेंजर धरा, असं गाडीत कुणीतरी सांगितलं होतं. आणि केळकर तिकडे सेंट्रलला.

कुंदा कुणाकडे न बघता थेट पेटीकडे आली. काचेला नाक लावून झुडपात शोधत राहिली. "ती टिकली. तो काळू. शेपटाबाई." सगळी नावं बरोबर. मग तिनं वळून माझ्या हातातला डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि माझं बोट धरलं.

"बाबा, लाजरीला बाहेर बोलवा ना."

मी लगेच सांगायला हवं होतं. पण अडीच वर्षांत मला कुणी बाबा म्हटलं नव्हतं. मला क्षणभर जमलंच नाही.

मग मी म्हटलं, "अगं, मी जोशीकाका. बाबा तुला आणायला स्टेशनवर गेलेत."

"नाही," ती म्हणाली. "माशांना फक्त बाबाच खायला घालतात. पत्रात आहे." आणि बोट आणखी घट्ट धरलं.

वहिनींनी तोंड दाराकडे फिरवलं. पाटणकर उगीचच कॉफी बघायला आत गेला.

दहाच्या सुमाराला केळकर आला. सगळी मेल रिकामी होईपर्यंत तो प्लॅटफॉर्मवर उभा होता, मग डबा न् डबा पाहून परतला होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. दारातच त्यानं कुंदाला पाहिलं. तिला हाक मारायला जाऊन तो उंबऱ्यावरच थांबला. इतकी वर्षं तो तिच्याशी कागदावरच बोलत आला होता. कुंदानं त्याच्याकडे पाहिलं आणि ती माझ्या पायामागे सरकली.

तेव्हाचा केळकरचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. कुठं बघावं ते कळेना म्हणून तो पेटीपुढे जाऊन गुडघ्यांवर बसला. हात रिकामे. झुडपामागून टिकली आली, काळू आला, एकेक करत सगळे आले, लाजरीसुद्धा आली, आणि त्याच्या तोंडासमोर काचेला येऊन भिडले. तो जरासा डावीकडे सरकला. मासेही डावीकडे सरकले.

कुंदा पायामागून बघत होती. तिनं माशांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग माझं बोट सोडलं, माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि जाऊन त्याच्या हातात दिला.