कंदील आणू नका

त्या दिवशी आई विहिरीवर गेली आणि परत आली नाही.

पाऊस गेला होता. आमच्या बौद्धवाड्याचा आड आटला होता. गावातल्या एका मालकाच्या विहिरीत तेवढं तळाला पाणी होतं. त्यानं आमच्या बायकांना सांगितलं, "पाणी न्या की. न्हाई कोण म्हनतंय? पन उजाडायच्या आत. आन् कंदील आणू नका."

त्याच्या विहिरीला आमचे हात लागतात हे गावाला दिसू नये, एवढंच. पाणी द्यायला त्याची हरकत नव्हती. आई घागर उचलताना हसायची. "मालकाला आपला इटाळ न्हाई गं. उजेडाचा हाय."

एक पायरी निखळली होती. अंधारात ती आईला दिसली नाही. कंदील घरी खुंटीला होता, रॉकेल भरलेला.

मी तालुक्याच्या शाळेत दहावीला होते. लातूर नवा जिल्हा झाला, त्याचा कार्यक्रम शाळेत ठरला. पाहुण्यांसमोर एका मुलीनं इंग्रजी निबंध वाचायचा होता. विषय, अंधाराकडून उजेडाकडे. माझं इंग्रजी बरं म्हणून सरांनी मला लिहायला सांगितलं. मी आईचं लिहिलं. विहीर, पायरी, खुंटीवरचा कंदील. शेवटचं वाक्य होतं, 'माय मदर डाइड इन द डार्क.'

सरांनी मला उभं केलं आणि निबंध मोठ्यानं वाचला.

"अगं, अंधार म्हणजे रात्रीचा अंधार नव्हे. इंग्रजीत त्याचा अर्थ अज्ञान. तुमच्यात तर भरपूर आहे, तुला ठाऊक पाहिजे."

वर्ग हसला. सरांनी लाल पेनानं 'डार्क' खोडलं आणि वर लिहिलं, 'डार्कनेस ऑफ इग्नरन्स'.

"आता कसं भारदस्त वाटतं. आणि ते कंदिलाचं काढ. मांडव मालकांनी दिलाय."

मी त्या लाल शब्दांकडे पाहत राहिले. दोन शब्द वाढले होते आणि मालक सुटला होता. आता आई स्वतःच्या अडाणीपणानं मेली होती.

वर्गात मी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"सर, आई अज्ञानानं न्हाई मेली. तिला कंदील नेऊ दिला न्हाई."

"मग तू वाचणार नाहीस."

"आहे तसं वाचते. न्हाईतर न्हाई."

दुसऱ्या मुलीनं वाचलं. नव्या जिल्ह्यानं अंधार गेला म्हणाली. पहिल्या रांगेत मालकानं टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले.

आज मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या भाषेत पाप काळं, दुःख काळं, अज्ञान काळं. मुलं बिनदिक्कत लिहितात, 'खेड्यातले लोक अंधारात होते.' मी खोडत नाही. समासात विचारते, कुणी ठेवलं होतं? उत्तर आल्याशिवाय मी तो निबंध तपासत नाही. तपासणारही नाही. काही जण तक्रार करतात, मॅडम, ते नुसतं रूपक आहे. असेल. माझ्या आईच्या मरणावर मी ते पांघरू दिलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही मरणावर पांघरू देणार नाही.

विहीर बुजवली. मालक वारला. सरांचं काय झालं, माहीत नाही.

कंदील माझ्याकडे आहे. आणि ते वाक्य आहे, खोडण्याआधी होतं तसं.