वस्तऱ्याचा हात

दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारायच्या, दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचं, "सांगा की, वस्तऱ्याचा हात कुटला?" सोलापुरात आमच्या पेठेच्या तोंडाशी ज्यांचं केस कापायचं दुकान होतं, त्या मामांची ही ठरलेली सलामी. गालाला साबण लागलेला असल्यामुळे गिऱ्हाइकाला पळून जायची सोय नसे.

मामांनी पूर्वी कधीतरी आपल्या एका हाताची वर्षभर, दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, कोपरापर्यंत तुळतुळीत हजामत करून घेतली होती. मग केस वाढू दिले, आणि दोन्ही हात पुन्हा सारखेच दिसायला लागले. वस्तरा फिरवला की केस दाट आणि राठ येतात, ही समजूत तुमच्याकडेही असेलच. आमच्या पेठेतली मिसरूड न फुटलेली पोरं कोऱ्या ओठावर वस्तरा फिरवून मागायची आणि मामा त्यांना हाकलून लावायचे. मग दाढी टोचते ती कशामुळे, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जोंधळा कापल्यावर धसकट टोचतंय. म्हनून धाट जाड झालं व्हय?"

मी दर वेळी डावा हात सांगायचो, कारण मामा उजव्या हाताने काम करत. ते नुसते हसायचे. खरा हात कुठला ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी माझी धाकटी बहीण कुसुम टायफॉइडमधून उठली. ताप गेला, पण दोनेक महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले. तिचं लग्न ठरलं होतं. वैरागची माणसं संक्रांतीला साडी घेऊन येणार होती आणि वैशाखातला मुहूर्त होता. नातेपुत्याहून आत्या आली आणि तिने निकाल दिला की डोकं एकदा साफ करा, संक्रांतीला पदराखाली झाकून नेऊ, लग्नापर्यंत दाट केस येतील. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या पोरी तिरुपतीला केस देऊन येतात, त्यांच्या वेण्या बघा, हा तिचा पुरावा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आपल्या थोरल्या बहिणीपुढे कधी तोंड उघडत नसत. मी तर कमावता झालो होतो, तरी गप्प बसलो. एवढंच नाही, मामांना बोलवायला मीच गेलो. कशासाठी, ते सांगायची हिंमत झाली नाही.

मागच्या पडवीत पाट मांडला होता. कुसुम केस मोकळे सोडून, गुडघ्यांना मिठी घालून बसली होती. मामांनी हत्यारांची धोकटी खाली ठेवली, पाटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

त्यांनी वस्तरा उघडला, पट्ट्यावर दोनदा घासला. मग कुसुमचे केस बोटांनी बाजूला करून टाळू निरखू लागले. आत्या पाटाशेजारी, तर आई आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि कुसुमचे डोळे मिटलेले होते. मामांनी वस्तरा मिटवला आणि ते आत्याला म्हणाले,

"आक्का, मुळाशी बारीक नवं केस आल्यात. आपसूक वाढतील. ह्यानं काय दाट व्हत न्हाईत."

मग सवयीने त्यांनी बाह्या सारून वस्तऱ्याच्या हाताची गोष्ट सांगितली, पण हात कुणी पाहिलेच नाहीत. आत्या म्हणाली, हात म्हणजे डोकं नव्हे. तू नाही केलंस तर दुसरा न्हावी करेल, आणि भाऊबंदांच्या पाचही घरांत तुला पुन्हा पायरी चढू देणार नाही. ती ते खरं करेल हे मामांना ठाऊक होतं.

ते तिथेच जमिनीवर बसले.

"माज्या लेकीचं केस पातळ हुतं. लोक म्हनले म्हनून म्या तीनदा डोकं केलं तिचं. पुना हाय तसंच आलं. पोरं चिडवायची. शाळा सुटली ती सुटलीच." पुढचं ते अगदी हळू बोलले. "हातावर करून बगायची अक्कल मला मागनं आली, आक्का."

कुसुम उठली. पदर डोक्यावरून घेत म्हणाली, "मी नाही बसणार पाटावर." आत्या काही बोलणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "राहू दे." आमच्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं.

संक्रांतीला अण्णांनी वैरागच्या माणसांना खरं ते सांगून टाकलं. लग्न मोडणार म्हणून आई दोन दिवस धड जेवली नव्हती. ते मोडलं नाही. कुसुम पातळ वेणीला गंगावन जोडून बोहल्यावर उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी माहेरी आली तेव्हा तिची वेणी पहिल्यासारखी झाली होती. आत्याने त्याचं श्रेय आपल्या माक्याच्या तेलाला दिलं. पाच घरांनी मामांना बोलावणं बंद केलं ते केलंच. मी मात्र त्यांच्याकडे जात राहिलो.

चार-पाच वर्षांनी मामा गेले. मी पोचलो तेव्हा आंघोळ घालून त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. उशाशी त्यांची लेक बसली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. माझी नजर मामांच्या उघड्या हातांवर गेली आणि मी ओशाळलो. तिने ते पाहिलं.

"म्याच करायची. दर सोमवारी," ती म्हणाली. "बाबानं माज्याच हातात वस्तरा दिला हुता."

मी न राहवून विचारलं, कुठला हात?

"डावा," ती म्हणाली. मग तिने मामांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ पाहत राहिली. "न्हाय. आता वळकाय येत न्हाय."

तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. तिने तो सावरला नाही.